एक चमचा जास्त

२ मार्च

आणलं पोर घरी. सायराच्या हातात होतं. मेरिम मागून रिकाम्या हातांनी चालत होती. दवाखान्याच्या फाटकावरच्या चौकीदाराने मेरिमला विचारलं, बाळ कुठाय गं? मी म्हटलं, पुढे गेलंय, तू तुझं फाटक सांभाळ.

ठरलं होतं तसंच झालं. थोरल्या सुनेला, सायराला, बारा वर्षांत मूल नाही. धाकटीला, मेरिमला, दोन मुली आणि आता हा तिसरा. तो पोटात होता तेव्हाच मी दोघींना जेवणाच्या दस्तरखानाशी बसवून विचारलं होतं. मेरिम हो म्हणाली. पोटात असताना हो म्हणणं सोपं असतं, ते मला कळतं. म्हणून तर बाळंत झाल्यावर एकदाही अंगाला लावू दिलं नाही. एकदा तोंड लागलं की सुटत नाही — पोराचंही नाही, आईचंही नाही. काल माझ्याच हातांनी तिची छाती शालीने करकचून बांधली, दूध आटावं म्हणून. ती भिंतीकडे बघत होती. मीपण.

आमच्यात हे नवं नाही. मला माझ्या आजीने वाढवलं. जन्म देणारीला मी लग्न होईपर्यंत वहिनी म्हणत होते. काय बिघडलं माझं?

नाव तिलेक ठेवलंय. तिलेक म्हणजे मागणं. एवढं मोठं मागणं आणि पोर तीन किलोचंसुद्धा नाही.

दुपारी गावातली नर्स आली, जिपार. सुना तिला एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं, आणि मला अपा. चुलीसमोर उभी राहून तिने धडा सुरू केला. हात साबणाने धुवा. बाटली, निपल, झाकण, सगळं उकळा. थर्मासातलं सकाळचं पाणी चालणार नाही. ताजं उकळा, गरम असतानाच पावडर घाला, मग बाटली गार पाण्यात धरा. मनगटावर थेंब टाकून बघा. तीस मिली पाण्याला डब्यातला एक चमचा, सुरीने सपाट केलेला. उरलेलं फेका. पाजताना मांडीवर, डोकं वर, बाटली हातात. उशीला टेकवून ठेवायची नाही.

मी म्हटलं, "एवढं तर आम्ही लग्नाच्या जेवणालाही करत नाही."

"लग्नाच्या जेवणाने पाहुणे मरत नाहीत, अपा."

"तू आमच्याकडची लग्नं बघितली नाहीस."

हसली नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "खरं दूध तर पलीकडच्या घरात आहे."

"ते आमचं आम्ही बघू."

"मग निदान बाटली तरी नीट बघा."

३ मार्च

सहा वेळा प्यालं. सायराचे हात असे कापतात की बाटलीतल्या दुधाचं लोणी निघेल.

४ मार्च

मेंढ्या विताहेत. काळी मेंढी पहाटे मेली, कोकरू जगलं. आता तेही स्वयंपाकघरात, चुलीच्या अंगाला. एका बाजूला सायरा बाटली घेऊन, दुसऱ्या बाजूला मी बाटली घेऊन. माझी बाटली जुनी, काचेची, रबरी बोंडाची. कोकराच्या दुधात मी मूठभर पीठ कालवते. माझ्या सासूने शिकवलं होतं. उद्या बघ, चार पायांवर उभं राहील.

सायराचं दूध चाखून बघितलं. तांदूळ धुतलेलं पाणी बरं म्हणावं.

"सायरा, हे दूध आहे की बाटली विसळलीस?"

"जिपार एजेंनी सांगितलं तसंच केलंय, अपा."

"जिपारने किती पोरं वाढवली?"

"दोन."

"मी सहा."

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. सहांतली चार जगली, हे मी बोलण्यात कधी आणत नाही. इथे लिहिते, कारण वही उलट बोलत नाही.

चमचा सपाट करताना ती श्वास धरून ठेवते. सोनारही इतका धरत नसेल. सुरी फिरवते, चमचा उजेडात धरते, परत फिरवते. तोवर पोर रडून निळं.

५ मार्च

आज बेशिकात, लाकडी पाळण्यात, घातलं. चार म्हाताऱ्या आल्या, गोड वाटलं, पाळण्यावरून तळलेले बोरसोक उधळले. शेजारची झूरा म्हणाली, "बांधायला बुरुललाच पुढे करा, तिच्या हातचं पोर हलत नाही." खरंच आहे. गावातली पन्नासेक पोरं मी बांधली असतील. हात अंगालगत, पाय सरळ, छातीवरून एक पट्टा, गुडघ्यांवरून एक. मग मुताची लाकडी नळी जागेवर बसवायची, तिचं दुसरं टोक गादीतल्या भोकातून खाली, भोकाखाली मडकं. झालं. पोर कोरडं, गादी कोरडी, लंगोट धुवायची कटकट नाही.

सायरा कुरकुरली. "जिपार एजे म्हणाल्या, आडवं ठेवून पाजायचं नाही."

"मग पाजायला सोड आणि परत बांध. तुझी जिपार पण खूश, माझा बेशिक पण खूश."

तशी मी काही अडाणी नाही. पाचवीपर्यंत शिकलेय.

६ मार्च

रडतंय. साठ प्यालं की निपल सोडत नाही, ओढतच राहतं. पोट भरलेलं पोर असं करतं का? माझं कोकरू पितं आणि लोळतं. दोन दिवस नाही झाले, आज भांड्यावर उडी मारली.

सायरा म्हणे, "आणखी दहा देऊ का?"

आणखी पाणीच देणार ना. दहा काय आणि वीस काय.

७ मार्च

एक चमचा जास्त घातला.

सायरा बाटली गार करायला ओसरीतल्या बादलीशी जाते. त्याआधी एकदा पोराकडे बघायला वळते, बाटली फळीवर ठेवून. तेवढा वेळ पुरतो. दोन चमचे होते, तीन झाले. हलवलं. आता कुठे दुधाचा रंग आला.

प्यालं आणि दोन तास निजलं. सायरा म्हणाली, "अपा, बघा, सवय झाली त्याला माझ्या हाताची."

मी म्हटलं, हो ना.

८ मार्च

बायकांचा सण. थोरला, जिरगाल, तिघींना प्रत्येकी एक फूल घेऊन आला. कागदाचं वाटावं असं होतं, पण खरं होतं. धाकट्या उरमातचा रशियातून फोन आला. आधी माझ्याशी बोलला, मग बायकोशी. ती अंगणात जाऊन बोलली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि सदरा पुढून ओला होता. सात दिवस बांधून ठेवलंय तरी. मी शाल सोडून परत बांधली, जास्त घट्ट.

ती म्हणाली, "अपा, तो रडतो ते मला भिंतीतून ऐकू येतं."

"मग रेडिओ लाव."

असं बोलायला नको होतं. पण गोड बोलले असते तर ती त्याला उचलून घेऊन गेली असती, आणि मग सायराच्या बारा वर्षांचं काय?

९ मार्च

पोराचा आवाज बारीक झालाय. मांजरासारखा. बाटली दिसली की झडप घालतं, दोन घोट घेतं, तोंड फिरवतं, परत रडतं. भूकच भूक. आज दोन चमचे जास्त. प्रत्येक बाटलीत. रात्रीच्या तर मीच करते, त्यात कुणी बघायला नसतं.

सायरा म्हणाली, "ओठ कोरडे पडलेत त्याचे."

"चुलीजवळ ठेवलंय, पडणारच. लोणी लाव."

"थोडं पाणी देऊ का उकळलेलं?"

"जिपारने पाणी देऊ नका सांगितलंय ना?"

बघा. मला नेमकी तेव्हा जिपार आठवली.

१० मार्च

आज शांत. दिवसभर झोप. पाजायला उठवावं लागतं. भरलं एकदाचं पोट.

११ मार्च

मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

जिपार सकाळी काटा घेऊन आली. पोराला कापडात घालून टांगलं. जन्मला तेव्हा दोन किलो नऊशे होता. दवाखान्यातून निघताना दोन सातशे पन्नास. आज दोन चारशे. तिने काटा झटकला, परत टांगलं. तेवढंच.

"दिवसातून किती लंगोट ओले करतो?"

सायरा म्हणाली, "लंगोट कुठे, एजे? बेशिकात असतो ना."

"बरं, मग मडकं किती वेळा ओतता?"

सायराने माझ्याकडे बघितलं. मी सायराकडे.

"अपा ओततात ना," सायरा म्हणाली.

"मी कशाला? मला वाटलं तू ओततेस."

जिपार गुडघ्यांवर बसली, बेशिकाखालून मडकं ओढलं आणि उलटं केलं. एक थेंब नाही. तळाला पांढरा चट्टा सुकलेला. तिने त्यावर बोट फिरवलं तर भुकटी निघाली.

नळी कुठे बसते ते मी डोळे मिटून सांगेन. पन्नास पोरं. मडक्यात डोकवावं हे नाही सुचलं.

जिपारने पट्टे सोडले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. टाळू खोल गेलेली, अंगठा बसेल इतकी. सायराने तिथे हात लावला आणि काढला.

"दूध करून दाखव," जिपार म्हणाली.

सायराने हात धुतले. पाणी उकळलं. साठ मोजलं. चमचा, सुरी. चमचा, सुरी. जिपार जवळ जाऊन बघत होती. मी चुलीशी उभी. पाठ भाजत होती तरी हलले नाही.

"बरोबर आहे," जिपार म्हणाली. "अगदी बरोबर. मग हे असं का?"

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि आतून जे निघालं ते असं — "हिच्या हाताला गुणच नाही."

सायराने दोन्ही हात पाठीमागे घेतले. चोरी पकडल्यासारखे.

जिरगालने गाडी काढली. मेरिम पलीकडून धावत आली, पायांत एकच रबरी गलोश. "मी येते."

"तुझे चाळीस दिवस झाले नाहीत. थंडी बाधेल."

"बाजूला व्हा, अपा."

लग्न होऊन सात वर्षं झाली. असं पहिल्यांदा बोलली. पण तिच्या मुली दारात रडत होत्या. जिरगाल म्हणाला, तू थांब, फोन करतो. पोराला घेऊन सायरा आणि मी बसलो, गाडी निघाली. मी मागे वळून बघितलं नाही.

ही वही पिशवीत कशी आली ते माहीत नाही. मीच घातली असणार.

१२ मार्च

जिल्ह्याचा दवाखाना. पोराच्या डोक्यात सुई. हातात शीर सापडली नाही म्हणून डोक्यात. सलाईन अगदी थेंबाथेंबाने सोडतात. मी नर्सला म्हटलं, भरभर सोड की. ती म्हणाली, भरभर सोडलं तर मेंदूला सूज येईल, आजी. म्हणजे तहानेनेही मरतं आणि घाईने पाणी दिलं तरी मरतं. असलं कसलं हे नाजूक काम.

डॉक्टर कोवळा आहे, नातवाच्या वयाचा. उभ्यानेच विचारायला लागला.

"दूध कोण करतं?"

"मी," सायरा म्हणाली.

"चमचे मोजून?"

"मोजून. सपाट करून."

"मोजून केलं तर रक्त एवढं खारट होत नाही, बाई. दूध नाही, कणीक पाजलीय याला. दाट दूध पचवायला अंगातलं होतं-नव्हतं ते पाणी संपलं. हा भुकेने रडत नव्हता. तहानेने रडत होता."

सायरा म्हणाली, "चुकले असेन मी मोजताना."

"असेन काय? चुकलातच."

मी बाकावर बसले होते. पोराची टोपी हातात होती. तिची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

तहान. म्हणजे मी जास्त घातलं म्हणून ते रडलं, आणि ते रडलं म्हणून मी आणखी घातलं. कोकरासमोर मी पाण्याचं भांडं ठेवते. चाटतं ते दिवसभर, मन होईल तेव्हा. हे बांधलेलं होतं. ते कुठून चाटणार?

त्याच दिवशी, अंधार पडताना

अजून मुतलं नाही. नर्स दर तासाला लंगोट उघडते, मी मान लांब करते, ती मान हलवते.

सायरा काचेला चिकटून उभी. म्हटलं, बस. बसली नाही. चहा आणला, घेतला नाही. कप हातात द्यायला गेले तर म्हणाली, "तिथे ठेवा, अपा, माझ्या हातून सांडेल."

१३ मार्च

पहाटे मुतलं! तळहाताएवढं. नर्सने लंगोट दाखवला, मी तो नाकाला लावून बघितला. ती हसली. हसू दे. सत्तर वर्षांत कुणाच्या मुताची इतकी वाट बघितली नव्हती. नवऱ्याच्या पगाराचीसुद्धा नाही.

जिरगालला फोन केला. "मुतलं रे." तिकडे मेंढ्यांचा आवाज, आणि नाक ओढल्याचा. मग म्हणाला, "आई, सायरा कशी आहे?"

म्हटलं, "आहे."

१४ मार्च

धोका टळला म्हणे. आता परत बाटली सुरू. नर्स बाटली घेऊन आली, सायरा दोन पावलं मागे सरली.

"मी नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"तुम्ही आई ना?"

सायरा दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मग मी शिकले. सहा पोरांची आई, आठ नातवंडांची आजी, आणि एक पोरगी मला शिकवतेय. हात धुवा, आजी. परत धुवा, नखांत माती आहे. चमचा भरला तर माझ्या हाताने आपोआप शीग लावली. "सपाट," ती म्हणाली. सुरी फिरवली. किती पावडर खाली पडली. एवढी पावडर मी दर वेळी—

पुढे नको.

पोराला बसतं धरायचं, डोकं दंडावर. बाटली जवळजवळ आडवी, म्हणजे दूध आपसूक घशात पडत नाही, त्याला ओढावं लागतं. वीस झालं की निपल काढायचं, दम घेऊ द्यायचा. पाठीवर हात फिरवायचा. तोंड फिरवलं की बास. चाळीस प्यालं आणि तोंड फिरवलं. वीस उरलं. माझा हात बाटली परत ओठांशी न्यायला उठला होता. खाली घेतला.

"आता ते ओतून टाका," नर्स म्हणाली.

आमच्यात दूध सांडत नाहीत. सांडलं तर बोट बुडवून कपाळाला लावतात. मी मोरीशी उभी राहिले आणि ओतलं.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. एवढ्याशा पोराला दिसत नाही म्हणतात. नसेल दिसत.

१५ मार्च

मेरिम आली. मुली झूराकडे ठेवून, तीन गाड्या बदलून. आल्या आल्या पोर उचललं, कोपऱ्यात पाठ करून बसली, शाल सोडली आणि त्याला अंगाला लावलं. कुणी अडवलं नाही. मीही नाही. पोराने ओढलं, ओढलं, मग रडायला लागलं. थेंब-दोन थेंब येत होते. चौदा दिवस बांधलेली छाती, येणार कुठून.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाठ चांगली मारता तुम्ही, अपा."

मी तिची सोडलेली शाल उचलून घडी घातली.

डॉक्टर म्हणाला, लावत राहा, हळूहळू येईलही, पण तोवर बाटली हवीच, आणि नीट हवी.

संध्याकाळी जिरगाल आला. व्हरांड्यात आम्हाला तिघींना समोर उभं केलं. "परवा सोडणार आहेत. पोर मेरिमकडे जाईल. उरमातशी बोललोय मी."

मेरिम म्हणाली, "दिलेलं परत मागत नाहीत ते मला कळतं, दादा. पण मी वाढवायला दिलं होतं. मरायला नाही."

जिरगालने मान खाली घातली. बायकोकडे बघवत नव्हतं त्याला.

सायरा म्हणाली, "तेच बरं. माझ्याजवळ नको. अपा म्हणतात ते खरं आहे, माझ्या हाताला गुण नाही. बारा वर्षं देवाने दिलं नाही ते उगीच नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या एका शब्दाची वाट. मी म्हटलं, "थंडी वाजते, आत चला."

१६ मार्च

पाचशे आले. म्हणजे दोन पाचशे. दिवसात सात लंगोट.

दुपारी खोलीत गेले तर सायरा मेरिमला सांगत होती. लांबूनच, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून. "वीस झालं की थांबव. ढेकर डाव्या खांद्यावर देतो, उजव्यावर देत नाही. निपल दाबू लागला की पोटात वारा असतो, तेव्हा पाजू नकोस, चालव त्याला. झोपताना उजवी मूठ सोडतो, डावी सोडत नाही." मेरिम ऐकत होती, मान हलवत होती. मध्येच तिने विचारलं, "आणि एजे, कान ओढतो तेव्हा?" सायरा म्हणाली, "तेव्हा काही नसतं. उगीच ओढतो."

मी दारातूनच परत फिरले.

सांगितलं तर काय होईल? थोरला माझ्याशी बोलणार नाही. धाकटा फोन करणार नाही. धाकटी मला नातींना हात लावू देणार नाही. गाव मला पोरं बांधायला बोलावणार नाही. झूरा तर माझा हा किस्सा वर्षभर चहाबरोबर चघळेल, मीही तिच्या सुनेचा चघळला होता.

नाही सांगितलं तर? काही होणार नाही. पोर आईकडे जाईल, दोन चमचे नीट घातले तर वाढेल. सायरा आपल्या घरात राहील. रोज माझ्यासमोर चहा ओतेल. कप माझ्यापुढे ठेवताना तिचे हात मला दिसतील. तिलाही दिसतील.

चुकलं, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, ती दोन गेली तेव्हाही नाही. कसं म्हणायचं असतं तेच माहीत नाही. व्हरांड्यात तीनदा पुटपुटून बघितलं. दर वेळी वाक्य "सायरा" पासून सुरू होतं आणि तिच्यावरच येऊन थांबतं.

उद्या दहाला सोडणार.

१७ मार्च

सांगितलं.

पोर मेरिमच्या हातात, टोपी घालून, निघायच्या तयारीत. जिरगाल पिशव्या उचलत होता. मी म्हटलं, "ठेव त्या. जास्तीचे चमचे मी घातले. सात तारखेपासून. ही पाठ फिरवायची तेव्हा."

जिरगालने पिशव्या ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. कुणी मारेल याची मी वाट बघत होते, निदान ओरडेल याची. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सायरा इतकंच म्हणाली, "म्हणजे माझे हात नव्हते?"

"नव्हते."

तिने ते समोर धरून बघितले, उलटे, सुलटे.

मेरिमने पोराकडे बघितलं. मग सायराकडे. म्हणाली, "एजे, त्याची प्यायची वेळ झालीय. हात धुवून ये."